ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला म्हणण्याआधी काय तपासायचं, आणि खरंच गेला असेल तर घरी कसा बदलायचा

गेल्या गणेशचवथीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. म्हापशाच्या बाजारातून माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान भरलं, डिकीत नारळ, सुपारीचे घड, तोरंजनं सगळं, आणि गाडी चालूच होईना. सेल्फ जोरात फिरतोय, बॅटरी नवी, पेट्रोल अर्धी टाकी, पण इंजिन काही पेट घेत नाही. जवळच्या एका गॅरेजवाल्याने येऊन स्कॅनर लावला, एकदम बिघाडाचे सात-आठ कोड आले आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "पात्रांव, ईसीएम गेला." खर्च ४५ हजार. गाडी २०११ ची, तिची किंमतच आता किती राहिली असेल सांगा. मी गाडी टो करून पर्वरीला घरी आणली आणि चवथ झाल्यावर निवांत बसून तपासली, तर इंटेक मॅनिफोल्डवर बोल्टने कसलेली अर्थची (बॅटरीच्या मायनसकडे जाणारी) थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, खालून गंजून गेली होती. वरून बोल्ट चकचकीत आणि सोडला तर खाली हिरवट-तांबडी भुकटी. पॉलिश पेपरने धातू लख्ख केला, नवी थिंबल लावली, पहिल्या सेल्फला गाडी चालू. ईसीएम आजही तोच आहे.

यंदा जूनमध्ये साखळीच्या मामेभावाच्या गाडीचा ईसीएम मात्र खरोखर गेला, आणि तो आम्ही दोघांनी घरीच बदलला. त्या दोन्ही वेळी जे शिकलो ते इथे सविस्तर लिहितोय कारण गोव्यात हा त्रास खूप जणांना होतो, वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बाकीचे महिने खारा वारा, आणि गाड्या झाडाखाली उभ्या. वायरिंग आणि कनेक्टर आपल्याकडे लवकर खराब होतात, कॉम्प्युटर त्या मानाने टिकतो. म्हणून माझं एकच कळकळीचं सांगणं आहे, ईसीएमवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. त्याला करंट मिळतोय, अर्थ मिळतेय, सेन्सरकडून खबर येतेय आणि तरीही तो काम करत नाही, एवढं सिद्ध झालं तरच तो गेला म्हणायचं.

आधी सामान. एक बरा डिजिटल मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरी सोल्डर करून, ब्लूटूथवाला स्वस्त ओबीडी स्कॅनर (ईसीएममधले कोड वाचणारा) आणि फोनमध्ये त्याचं ॲप, दहाचा पान्हा, टॉर्च, कॉन्टॅक्ट क्लीनर. आणि आपल्या गाडीचा, म्हणजे नेमक्या त्याच मॉडेलचा आणि त्याच वर्षाचा वायरिंग डायग्राम. डायग्राम नसेल तर ईसीएमच्या कनेक्टरमध्ये पिना खुपसू नका, हे अगदी मनापासून सांगतो, कुठली पिन १२ व्होल्टची, कुठली सेन्सरची हे अंदाजाने ठरवायला गेलं की चांगला ईसीएम हातानेच जाळला जातो. गाडी वॉरंटीत असेल तर तर हातच लावू नका. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांचं निदान घरी जरूर करा पण ईसीएम बदलणं मी तरी घरी करणार नाही, त्यात कोडिंगची भानगड फार आहे.

सुरुवात बॅटरीपासून. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज. सेल्फ मारताना मीटर बॅटरीवर धरा, साडेनऊच्या खाली आकडा जात असेल तर आधी बॅटरी बघा, कारण व्होल्टेज फार पडलं की ईसीएम सेल्फच्या वेळी रीसेट होतो आणि वेडेवाकडे कोड टाकतो. इंजिन चालू असेल तर साधारण १३.८ ते १४.५ मिळायला हवं.

मग चावी ऑन करून नुसतं डॅशबोर्डवरच्या मीटरकडे बघा. चेक इंजिनचा लाइट लागतोय का? इंजिन बंद असताना चावी ऑनला तो लागलाच पाहिजे. लागत नसेल तर ईसीएमला करंट नाही किंवा अर्थ नाही किंवा तो मेलाय (किंवा मीटरमधला बल्ब गेलाय, तेही होतं). चावीचं किंवा कुलुपाचं चिन्ह भराभर मिचकावत असेल तर प्रश्न इम्मोबिलायझरचा, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय गाडी चालू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा आहे, ईसीएम शाबूत असून मुद्दाम पेट्रोल सोडत नाहीये. दुसरी चावी लावून बघा. माझ्या ओळखीत एकाचं फक्त चावीत चिप नव्हती म्हणून आठवडाभर गाडी बंद होती, कव्हर बदलताना चिप जुन्या कव्हरात राहून गेली होती.

फ्यूज डोळ्यांनी बघून समाधान मानू नका, टेस्ट लॅम्पने फ्यूजच्या दोन्ही बाजू तपासा. दोन्हीकडे लाइट लागला पाहिजे. मेन रिले (ईसीएमला करंट सोडणारा स्विच) असतो त्याच्या जागी शेजारचा त्याच नंबरचा रिले, बहुतेक वेळा हॉर्नचा सापडतो, तो लावून बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि निम्म्या केसेस इथेच सुटतात असं माझं मत आहे.

आता स्कॅनर. ओबीडीचा १६ पिनांचा सॉकेट ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ डॅशबोर्डखाली असतो. स्कॅनर लावल्यावर त्याचा दिवाच लागला नाही तर १६ नंबरच्या पिनला बॅटरीचे १२ व्होल्ट येतायत का आणि ४ नंबरला अर्थ आहे का बघा, बऱ्याच गाड्यांत ही पिन आतल्या लाइटच्या किंवा सिगरेट लायटरच्या फ्यूजवर असते आणि तो फ्यूज मोबाइल चार्जरमुळे उडालेला असतो. दिवा लागला पण ईसीएमशी बोलणंच होत नसेल तर बॅटरीची मायनस काढून पिन ६ आणि १४ च्या मध्ये रेझिस्टन्स मोजा. कॅन वायरिंगच्या, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरींच्या, दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही मिळून ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय, बऱ्याच गाड्यांत ते एक टोक ईसीएमच्या आतच असतं. शून्याजवळ आलं तर दोन वायरी एकमेकींना कुठेतरी चिकटल्यात.

कोड आले तर पी ०६०१ ते पी ०६०६ हे खास बघायचे. ०६०१ म्हणजे आतल्या मेमरीचा हिशोब जुळत नाही, ०६०४ रॅमचा, ०६०५ रॉमचा, ०६०६ थेट प्रोसेसरचा. यू ०१०० म्हणजे बाकीच्या मॉड्यूलना इंजिनचा ईसीएम सापडत नाहीये. पण हे कोड आले म्हणून लगेच ईसीएम बदलायला धावू नका! माझ्या गाडीत पी ०६०६ पण होता, आणि कारण ती गंजकी थिंबल. अर्थ हलली की ईसीएमला स्वतःवरच विश्वास राहत नाही. कोड लिहून ठेवा, क्लिअर करा, करंट आणि अर्थ पक्की करा, मग परत येतात का बघा.

करंट आणि अर्थ पक्की करणं म्हणजे काय ते नीट सांगतो, सगळा खेळ इथेच आहे. लोक मल्टिमीटर लावतात, १२ व्होल्ट दिसले की वायर चांगली असं धरून पुढे जातात. मल्टिमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे वायरीच्या आतल्या एकोणीस तारा गंजून एक शिल्लक राहिली असेल तरी तो बारा दाखवणार. म्हणून तो २१ वॅटचा बल्ब. ईसीएमचा कनेक्टर काढा, चावी ऑन, डायग्राममध्ये बघून पॉवरच्या पिनला बल्बची एक वायर आणि बॅटरीच्या मायनसला दुसरी. बल्ब भगभगीत पेटला पाहिजे, साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो तो. मेन रिले ईसीएमच चालवत असेल तर कनेक्टर काढल्यावर रिले ओढणार नाही, तेव्हा डायग्रामप्रमाणे रिलेची ती पिन तात्पुरती अर्थ करावी लागते. मग बॅटरीचा प्लस आणि ईसीएमच्या प्रत्येक अर्थ पिनमध्ये बल्ब लावून बघा, साधारण तीन-चार अर्थ पिना असतात, सगळ्या तपासा. मंद पेटला तर वायर किंवा थिंबल खराब. हा बल्ब फक्त पॉवर आणि अर्थच्या पिनांनाच लावायचा, सेन्सरच्या किंवा ५ व्होल्टच्या पिनेला चुकूनही नाही.

दुसरी पद्धत व्होल्टेज ड्रॉपची. कनेक्टर लावलेलाच ठेवून मागच्या बाजूने टाचणी सरकवायची, मीटरचं एक टोक अर्थच्या टाचणीला, दुसरं बॅटरीच्या मायनसच्या खुंटीला, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगायचं. ०.१ व्होल्टच्या आत असायला हवं. माझ्या गाडीत बायको सेल्फ मारत होती आणि मीटरवर २.३ दिसत होतं, तिथेच कळलं की बिचारा ईसीएम निर्दोष आहे. वायरीच्या वरच्या प्लॅस्टिकला मात्र भोक पाडू नका, आपल्या हवेत त्या भोकातून ओल शिरून दोन पावसाळ्यांत आतली तार काळी होते.

यानंतर ५ व्होल्ट. ईसीएम स्वतः सेन्सरना ५ व्होल्ट पुरवतो, आणि एखादा मॅप सेन्सर (इंटेकमधला दाब मोजणारा), थ्रॉटलचा सेन्सर किंवा एसी गॅसचा प्रेशर सेन्सर आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे ५ व्होल्ट एकदम पडतात आणि गाडी अगदी ईसीएम मेल्यासारखी वागते. चावी ऑन ठेवून सेन्सरच्या कनेक्टरवर मोजा. ५ नसेल तर एकेक सेन्सर काढत जा आणि मीटरवर लक्ष ठेवा, ज्याचा प्लग काढल्यावर ५ परत आले तो चोर. सगळे काढूनही आले नाहीत आणि ती वायर अर्थला कुठे चिकटलेली नाही, मग ईसीएमवर संशय घट्ट होतो.

शेवटची परीक्षा. सेल्फ मारताना ॲपवर आरपीएम बघा, १५० ते २५० च्या दरम्यान काहीतरी दिसलं म्हणजे क्रँक सेन्सरची खबर ईसीएमपर्यंत पोचतेय. शून्य असेल तर आधी क्रँक सेन्सर आणि त्याची वायर, तो ईसीएमपेक्षा कितीतरी जास्त वेळा जातो. आरपीएम येतंय, इम्मोबिलायझर शांत आहे, करंट-अर्थ चोख आहे, तर पेट्रोल इंजेक्टरचा प्लग काढून तिथे नॉइड लाइट (इंजेक्टरच्या प्लगमध्ये बसणारा छोटा टेस्ट बल्ब) लावा. सेल्फ मारताना तो मिचकावला पाहिजे. प्लगला १२ व्होल्ट आहेत, ईसीएमपर्यंतची वायर सलग आहे आणि तरीही मिचकावत नाही, म्हणजे ईसीएम गेला, आता म्हणायला हरकत नाही. डिझेल कॉमन रेल गाडीत इंजेक्टरच्या प्लगशी असला प्रयोग करू नका, इंजेक्टर उघडायला ईसीएम तिथे बॅटरीच्या कितीतरी पट जास्त व्होल्टेज सोडतो, माणसाला जबर धक्का बसू शकतो.

फक्त एकच सिलिंडर मरत असेल आणि ईसीएमचा तेवढाच ड्रायव्हर (त्या इंजेक्टरला चालवणारा आतला सर्किटचा भाग) जळला असेल तर तो का जळला ते शोधल्याशिवाय नवा लावू नका. पेट्रोलचे साधे इंजेक्टर बहुतेक ११ ते १६ ओहमचे असतात, एखादा दोन-तीन ओहम दाखवत असेल तर तोच मारेकरी, नव्या ईसीएमलाही तोच खाणार.

मामेभावाचा फोन आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "दादा, सेल्फ मारतोय पण काहीच नाही, आणि पायाखाली पाणी आहे." पाण्याचं ऐकल्याबरोबर मी सांगितलं की आधी बॅटरीची मायनस काढ, बाकी सगळं नंतर. ओला ईसीएम करंटमध्ये राहिला तर तासागणिक तांबं खातो, करंट तोडून सुकवला तर कधी कधी वाचतो. त्याची गाडी फणसाखाली उभी असते. वायपरच्या खाली जी काळी जाळी असते तिच्यात फणसाची पानं कुजून पाणी जायची वाट बंद झाली होती, आणि ते पाणी आतून डावीकडच्या पॅनेलमागे, नेमकं ईसीएमच्या डोक्यावर. कार्पेट पिळलं तर बादलीभर निघालं. दोन दिवस सगळं वाळू दिलं, मग वर लिहिलेल्या क्रमाने तपासलं. बल्ब दोन्हीकडे भगभगीत, सेन्सर सगळे काढूनही ५ व्होल्ट नाहीत, स्कॅनर गप्प. मग ईसीएम बाहेर काढून चार स्क्रू उघडले. एका कोपऱ्यात शेवाळासारखा हिरवा थर, टॉर्च तिरका धरला तेव्हा दिसलं की तिथल्या बोर्डवरच्या तीन-चार रेषाच नाहीशा झाल्यात, आणि कनेक्टरची एक पिन शेजारणीच्या निम्म्या जाडीची उरलीय.

आता बदलायचं कसं. मार्ग तीन आहेत. पहिला नवा ईसीएम, तो महाग आणि कंपनीच्या स्कॅनरने त्यात गाडीचा नंबर आणि चाव्या भरल्याशिवाय चालत नाही. दुसरा आपलाच दुरुस्त करणं, माझ्या मते आधी हाच प्रयत्न करावा कारण त्यात चावीचं काही बदलावं लागत नाही. तिसरा स्क्रॅपमधला जुना. तो आणला आणि लावला आणि चालू झाला असं होत नाही, जुन्या गाड्या सोडल्या तर इम्मोबिलायझरमुळे ईसीएम आणि चावी एकमेकांना ओळखतात. एक तर त्या गाडीचा ईसीएम, इम्मोबिलायझर आणि चावी असा पूर्ण सेट घ्या, नाहीतर आपल्या ईसीएमच्या छोट्या मेमरी चिपमधला डेटा नव्यात कॉपी करून घ्या. आम्ही हेच केलं, मेमरी चिप कोरडी होती म्हणून जमलं, कुरियरने दोन्ही ईसीएम एका रिपेअरवाल्याकडे पाठवले, स्क्रॅपमधल्या ईसीएमची किंमत धरून सगळे मिळून ११ हजारांत काम झालं. विकत घेताना स्टिकरवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. दिसायला एकसारखा, कनेक्टर एकसारखा, पण आतला प्रोग्राम एसीवाल्या-बिनएसीवाल्या, मॅन्युअल-ऑटोमॅटिक गाडीचा वेगळा असतो. बिल घ्या आणि कुठल्या गाडीतून काढला ते विचारा, चोरीच्या गाडीचा माल घरात नको. डिझेल असेल तर प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर एक कोड छापलेला असतो, तो ईसीएममध्ये भरावा लागतो, नाहीतर इंजिन ठोकतं आणि धूर टाकतं.

काढताना-लावताना घाई नको. कोरडा दिवस बघा, घाम पुसून हात कोरडे करा. चावी काढून घ्या, बॅटरीची मायनस आधी सोडा, मग दहा-पंधरा मिनिटं थांबा, ईसीएम आणि एअरबॅग दोघांमध्येही थोडा करंट साठलेला असतो. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे, त्यांना हात नाही आणि मीटर तर मुळीच नाही. ईसीएम बहुतेक ग्लोव्ह बॉक्समागे, डाव्या बाजूच्या पॅनेलमागे किंवा बॉनेटखाली बॅटरीच्या शेजारी असतो. हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला स्पर्श करा, अंगातली स्टॅटिक निघून जाते. कनेक्टरला लिव्हर असतो, तो पूर्ण उलटा फिरला की कनेक्टर आपोआप वर येतो, वायरी धरून ओढायचं नाही. फोटो काढून ठेवा.

नवा लावण्याआधी गाडीच्या बाजूचा कनेक्टर टॉर्चने बघा. आमच्या त्या बारीक झालेल्या पिनेसमोरचं टर्मिनलही हिरवं होतं, ते तसंच ठेवून नवा ईसीएम लावला असता तर महिन्यात परत तेच. ते टर्मिनल कापून नवं जोडलं, सोल्डर केलं, वर हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी). कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पूर्ण वाळू दिलं. आणि पाण्याची वाट आधी साफ केली, जाळी काढून पानं उपसली, मग बाटलीने पाणी ओतून ते चाकाजवळ खाली पडतंय याची खात्री केली.

कनेक्टर सरळ बसवा, लिव्हर बोटाच्या जोराने बंद झाला पाहिजे, जोर लागत असेल तर काढून परत बघा, एखादी पिन वाकलेली असणार. ईसीएम ब्रॅकेटला बोल्टने पक्का कसा, काही गाड्यांत त्या बॉडीतूनच अर्थ मिळते, लोंबकळत ठेवलात तर चालता चालता बंद पडेल. बॅटरीची मायनस शेवटी जोडा.

चावी ऑन करा आणि सेल्फ न मारता दहा-पंधरा सेकंद थांबा, ॲक्सिलरेटरवर पाय नको. चेक इंजिन लागला, इम्मोबिलायझर विझला, मग सेल्फ. पहिले काही मिनिटं आयडल वर-खाली होईल, घाबरू नका, तो थ्रॉटलची जागा शिकतोय. एसी, लाइट सगळं बंद ठेवून रेडिएटरचा फॅन एकदा लागेपर्यंत चालू द्या, मग एसी लावून पाच मिनिटं. काही गाड्यांना हे शिकवणं स्कॅनरनेच करावं लागतं, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. कोड क्लिअर करा, पन्नासेक किलोमीटर चालवा, आम्ही साखळीहून फोंड्याला जाऊन परत आलो, आणि मग परत स्कॅन करा.

त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात कार्पेटखाली हात घालून ओल लागतेय का बघा. आणि जुना ईसीएम भंगारात देऊ नका, चावीचा डेटा त्यातच आहे, पुढेमागे लागू शकतो. मामेभावाने तो कोरडा करून झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवलाय, वर गाडीचा नंबर आणि तारीख लिहून.